निक्सला नको झालेला मार्बरी बीजिंगचा कसा झाला: परदेशात खेळणाऱ्या अमेरिकन प्लेअर्सचं गणित, सोप्या भाषेत

स्टेफॉन मार्बरी हे नाव काढलं की बास्केटबॉल बघणारे लोक सरळ दोन गटात पडतात. एका गटाला आठवतो तो न्यूयॉर्क निक्सचा मार्बरी, प्रत्येक कोचशी वाजलेलं, पेपरवाल्यांचा आवडता व्हिलन, आणि २००९ च्या उन्हाळ्यात इंटरनेटवर चोवीस तास लाइव्ह बसून घसा दुखतोय म्हणून व्हॅसलीन खाणारा. दुसरा गट बहुतेक चीनमध्ये राहतो आणि त्यांना आठवतो तो तीन वेळा चॅम्पियन झालेला, बीजिंगमध्ये स्टेडियमबाहेर ज्याचा पुतळा उभा राहिला तो मार्बरी. माणूस एकच आणि त्या व्हॅसलीनपासून पुतळ्यापर्यंतचं अंतर जेमतेम तीन वर्षांचं.

हे कसं झालं असं विचारलं की सगळीकडे एकच ठरलेली गोष्ट ऐकवतात, की वाया गेलेला पोरगा लांबच्या देशात गेला, तिथे त्याला प्रेम मिळालं आणि तो सुधारला. मला ही गोष्ट अर्धीच पटते. प्रेम मिळालं हे खरंच आहे, पण बाकीची अर्धी गोष्ट नियमांची, कॉन्ट्रॅक्टची आणि पैशांची आहे आणि ती समजल्याशिवाय अमेरिकन प्लेअर परदेशात नक्की काय करायला जातात, त्यातले बहुतेक का टिकत नाहीत आणि हा एक का टिकला, हे कळतच नाही.

आधी आकडे बघू, ते सोपे आहेत. एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या लीगमध्ये, ३० टीम, प्रत्येक टीममध्ये १५ पक्के कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे जगभरातल्या सगळ्यांसाठी मिळून ४५० जागा. अमेरिकेत कॉलेजच्या सगळ्यात वरच्या डिव्हिजनमध्येच पुरुषांच्या साडेतीनशेच्या आसपास टीम आहेत, म्हणजे चांगले म्हणावेत असे चारेक हजार पोरं कधीही तिथे खेळत असतात, आणि दरवर्षी एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम आळीपाळीने नवीन पोरं निवडतात त्यात, निवडतात जास्तीत जास्त ६०. त्या ६० मध्येसुद्धा युरोपची, आफ्रिकेची पोरं असतात. मग उरलेले काय करतात? काही नोकरीला लागतात, काही अमेरिकेतल्याच छोट्या लीगमध्ये कमी पगारावर झुरत बसतात, आणि बरेच जण बॅग भरून निघतात, तुर्की, स्पेन, इटली, ग्रीस, इस्राएल, जपान, फिलिपिन्स, लेबनॉन, चीन, जिथे बोलावणं येईल तिथे. आपल्याला टीव्हीवर दिसतात ते ४५० जण, पण अमेरिकन बास्केटबॉलपटू हा खरंतर जगभर निर्यात होणारा माल आहे.

आता या बाहेरच्या लीगमध्ये तुम्ही कितीही भारी असलात तरी एका शब्दापाशी अडता, तो म्हणजे इम्पोर्ट, बाहेरून आणलेला परदेशी प्लेअर. आयपीएलमध्ये जसं प्लेइंग इलेव्हनमध्ये चारच परदेशी चालतात तसंच बहुतेक बास्केटबॉल लीगमध्ये बाहेरचे किती हे ठरलेलं असतं, फक्त इथे टीममध्ये एका वेळी पाचच जण कोर्टवर असल्यामुळे दोन परदेशी म्हणजे जवळपास अर्धी टीम होते. चीनच्या लीगमध्ये, म्हणजे सीबीएमध्ये, मार्बरीच्या काळात प्रत्येक टीमला दोन परदेशी. आणि तेही पूर्ण वेळ नाही, बरीच वर्षं असा हिशोब होता की एका मॅचचे चार क्वार्टर, दोन परदेशी, तर दोघांनी मिळून सहाच क्वार्टर खेळायचं, आणि पुढे शेवटच्या क्वार्टरला तर कोर्टवर एकच परदेशी. तळाला राहिलेल्या टीमला त्यात आणखी एक सवलत, एशियातला तिसरा प्लेअर घेता यायचा. इराणचा उंचच्या उंच सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा, हामेद हद्दादी याच खिडकीतून सिचुआनच्या टीममध्ये आला आणि ती टीम २०१६ ला चॅम्पियन झाली, म्हणजे नियम गरिबांसाठी केला आणि त्यातूनच राजा निघाला.

या नियमाचा परिणाम काय होतो ते बघा. टीमच्या मालकाला परदेशी माणूस आणायचाय तो कशाला? चुपचाप डिफेन्स करायला नाही, पासिंग करून बाकीच्यांना मोठं करायलाही नाही. महागाचा माणूस आणलाय तर त्याने दर मॅचला तीस-चाळीस पॉइंट्स टाकले पाहिजेत. त्यामुळे इम्पोर्ट होऊन गेलेल्या माणसाच्या हातात बॉल सतत असतो, आणि दोन-चार मॅच वाईट गेल्या की एजंटला फोन जातो, दुसरा कोणीतरी विमानात बसतो. एनबीएमध्ये कॉन्ट्रॅक्ट सही केलं की पैसे बहुतेक वेळा पक्के, बेंचवर बसवा नाहीतर घरी बसवा. बाहेर तसं नाही. कागदावर गॅरंटीड लिहिलेलं असतं, पण मेडिकल टेस्टमध्ये काहीतरी निघतं, नाहीतर पगार दोन महिने उशिरा येतो, मग तीन महिने, मग क्लब म्हणतो स्पॉन्सर पळाला. हे इतकं व्हायला लागलं की फिबाने, म्हणजे जागतिक बास्केटबॉल संघटनेने, जिनिव्हामध्ये २००७ पासून यासाठी खास लवादच सुरू केला, तिथे प्लेअर, एजंट आणि क्लब यांच्या पगाराच्या भांडणांचा निकाल लागतो. खेळाच्या जागतिक संघटनेला थकलेल्या पगारासाठी वेगळं कोर्ट उघडावं लागतं यातच या धंद्याची अवस्था कळते.

चांगली बाजूही आहे, ती लपवत नाही. बाहेरच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये साधारण पगार टॅक्स कापून हातात किती येणार तो आकडा लिहितात, तिथला टॅक्स क्लब भरतो, वर फ्लॅट, गाडी, घरच्यांची विमानाची तिकिटं, चीनमध्ये तर सोबत दुभाष्या. पोराला रोजचा खर्च जवळपास नाहीच. दहा वर्षं नीट खेळला तर एनबीएत एक दिवस न खेळताही माणूस आयुष्यभराचं कमावून घरी येतो. आणि एका देशातून दुसऱ्या देशात जाताना आधीच्या देशाच्या फेडरेशनचं ना-हरकत पत्र लागतं, लेटर ऑफ क्लिअरन्स म्हणतात त्याला, हे पत्र लक्षात ठेवा कारण पुढे याच कागदावरून मोठमोठे एनबीए स्टार अडकले.

आता मार्बरीकडे येऊ. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या टोकाला कोनी आयलंड आहे, समुद्राकाठी जत्रेतल्यासारखे पाळणे आणि त्यांच्या मागे सरकारी घरांच्या उंच इमारती. तिथे १९७७ चा जन्म, सात भावंडं, मोठे भाऊ सगळे बास्केटबॉल खेळणारे, प्रत्येकावर घराने आशा लावली आणि प्रत्येक जण एनबीएच्या अलीकडेच कुठेतरी थांबला. म्हणजे हा पोरगा खेळायला लागला तेव्हाच अख्ख्या बिल्डिंगचं ओझं त्याच्या खांद्यावर. लिंकन हायस्कूल, मग जॉर्जिया टेकला एकच वर्ष, आणि १९९६ च्या ड्राफ्टमध्ये चौथा नंबर. तो ड्राफ्ट कसला होता माहितीये ना, पहिला आयव्हरसन, पाचवा रे अ‍ॅलन, तेरावा कोबी ब्रायंट, पंधरावा स्टीव्ह नॅश, पुढे सगळे सुपरस्टार झाले. मिल्वॉकीने मार्बरीला घेतलं आणि त्याच दिवशी रे अ‍ॅलनच्या बदल्यात मिनेसोटाला देऊन टाकलं.

मिनेसोटात जोडीला केव्हिन गार्नेट. दोघं विशीच्या आसपासचे, पुढची दहा वर्षं हे दोघंच गाजवणार असं सगळे म्हणत होते. पण १९९७ ला गार्नेटने सहा वर्षांचं १२६ मिलियन डॉलरचं कॉन्ट्रॅक्ट केलं, मालक लोक हादरले, पुढच्या वर्षी लॉकआउट झाला, म्हणजे पैशांच्या भांडणात मालकांनीच लीगला टाळं लावलं, आणि त्यातून नवा नियम आला की एका प्लेअरला जास्तीत जास्त किती देता येईल याला मर्यादा. मार्बरीचा नंबर आला तेव्हा दार बंद झालेलं, त्याला मिळू शकत होते सुमारे ७० मिलियन. सत्तर मिलियन कमी आहेत का, नाहीत, पण शेजारच्या लॉकरवाल्याला जवळपास दुप्पट मिळतायत आणि ते कधीच गाठता येणार नाही हे माहीत असताना बावीस वर्षांच्या पोराने शहाणपणाने वागावं ही अपेक्षा जरा जास्तच. त्याने ट्रेड मागितला, म्हणजे मला दुसऱ्या टीमला द्या म्हणाला, १९९९ ला न्यू जर्सी नेट्सला गेला आणि तिथून त्याच्यावर स्वार्थी हा शिक्का बसला तो कायमचा.

पुढचं पटापट सांगतो. नेट्समध्ये वैयक्तिक आकडे मस्त, टीम पडलेली. २००१ ला जेसन किडच्या बदल्यात फिनिक्सला पाठवला आणि नेट्स त्याच्या पुढच्याच वर्षी फायनलला, म्हणजे शिक्का आणखी गडद. जानेवारी २००४ मध्ये घरच्या टीमला, निक्सला. २००५-०६ मध्ये लॅरी ब्राउन कोच, रोज पेपरमधून एकमेकांवर टोलेबाजी, ८२ पैकी २३ मॅच जिंकल्या. मग आयझेया थॉमसशी बिनसलं. डिसेंबर २००७ मध्ये वडील गेले, ते ज्या दिवशी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, निक्सच्या घरच्या स्टेडियमला, मॅच बघायला आले होते त्याच दिवशी. आणि २००८-०९ ला नवीन कोच माइक डिअँटोनीने त्याला खेळवलंच नाही, जवळपास २१ मिलियन डॉलर घेऊन माणूस घरी. फेब्रुवारी २००९ ला एकदाचा सुटला, बोस्टनकडून थोडा खेळला, बोस्टनने पुढच्या वर्षासाठी किमान पगार देऊ केला तो त्याने घेतला नाही आणि मग तो व्हॅसलीनचा व्हिडिओ. नंतर त्याने स्वतः सांगितलं की त्या काळात जगावंसं वाटत नव्हतं. तेव्हा नेटवर मात्र सगळे हसत होते.

एक गोष्ट मध्येच सांगायला पाहिजे कारण चीनमध्ये तिचा उपयोग झाला. २००६ ला मार्बरीने स्टारबरी नावाचे बूट काढले, किंमत १४.९८ डॉलर. शंभर-दीडशे डॉलरच्या बुटांसाठी गरीब पोरं जीव टाकतात, आयांच्या खिशाला ते परवडत नाही, तर मी स्वतः मॅचमध्ये घालतो तेच बूट पंधरा डॉलरला. खरंच घालून खेळायचा. ज्या दुकानसाखळीतून ते विकले जायचे ती २००८ ला दिवाळखोरीत गेली आणि बूटही थांबले. स्वार्थी म्हणून गाजलेल्या माणसाने केलेला हा उद्योग अमेरिकेत कोणी फारसा त्याच्या खात्यात जमा धरला नाही. चीनला जाताना मात्र त्याच्या डोक्यात बूट परत चालू करायचे हाही विचार होता.

जानेवारी २०१० ला तो उतरला तो शांघाय-बीजिंगमध्ये नाही, तर शान्शी प्रांतात, ताइयुआन नावाच्या शहरात. कोळशाचा प्रांत, हिवाळ्यात कडाक्याची थंडी, हवेत धूर. टीमचं नाव ब्रेव्ह ड्रॅगन्स. आणि याच टीमला एका वर्षापूर्वी एका अमेरिकनने कसा हात दाखवला होता ते ऐका. बॉन्झी वेल्स, एनबीएत बरीच वर्षं खेळलेला, २००८-०९ ला शान्शीत आला, मॅचला सरासरी तिशीच्या वर पॉइंट्स काढायचा, लोक वेडे झाले, चिनी नववर्षाची सुट्टी लागली म्हणून घरी गेला आणि परत आलाच नाही. बस्स, संपलं. त्यामुळे पुढच्या वर्षी मार्बरी येणार म्हटल्यावर एअरपोर्टवर शेकडो लोक फुलं घेऊन उभे होते हे खरं, पण मनात प्रत्येकाच्या हाच प्रश्न असणार की हा कधी पळणार. मालकाला वेल्स माहिती, पब्लिकला वेल्स माहिती. अमेरिकन प्लेअर म्हणजे येणार, पॉइंट्स टाकणार, पैसे घेणार, जाणार, भाडोत्री. आणि खरं सांगायचं तर यात प्लेअरची चूक कमी असते, ज्याला दोन मॅचवरून काढून टाकतात त्याने निष्ठा कुठून आणायची?

मार्बरी त्या अर्ध्या सीझनमध्ये पंधरा मॅच खेळला, सरासरी २३ च्या आसपास पॉइंट्स आणि नऊच्या वर असिस्ट, म्हणजे ज्या पासवर दुसरा बास्केट टाकतो ते पास. असिस्टचा आकडा बघा, माझ्या मते हा आकडा पॉइंट्सपेक्षा महत्त्वाचा. इम्पोर्टकडून कोणी मागत नाही अशी गोष्ट तो देत होता. त्याच वर्षी ऑल-स्टार मॅचचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम प्लेअर. पण शान्शीबरोबर पुढचं जमलं नाही, २०१०-११ ला दक्षिणेला फोशानच्या टीममध्ये गेला, ती टीम काही खास नव्हती, सीझन हरण्यातच गेला. इथे साधारण लोक परत जातात. वय ३४, एनबीएत १५० मिलियनच्या आसपास कमावून झालेले, कशाला पाहिजे हा त्रास. हा थांबला, आणि २०११ ला बीजिंग डक्समध्ये आला.

बीजिंग डक्स ही शौगांग नावाच्या सरकारी स्टील कंपनीची टीम. राजधानीची टीम असून एकदाही चॅम्पियन नाही. कोच मिन लूलेइ, चिनी माणूस, आरडाओरडा न करणारा. दुसरा इम्पोर्ट रँडॉल्फ मॉरिस, सेंटर, गंमत म्हणजे तोही पूर्वी निक्समध्येच होता. इथे मला वाटतं सगळ्यात मोठी गोष्ट जुळली ती म्हणजे रचना. एनबीएमध्ये मार्बरीबद्दल तक्रार काय होती, की बॉल सोडत नाही, सगळं याच्यातूनच जायला पाहिजे. सीबीएच्या तेव्हाच्या नियमांत बॉल एकाच गार्डच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्या प्लेअरच्या, हातात असणं हा दोष नव्हताच, तशीच टीम बांधावी लागायची, कारण परदेशी दोनच आणि त्यातला एक सेंटर असेल तर खेळ चालवणारा एकच उरतो. म्हणजे जो स्वभाव एका लीगमध्ये अवगुण तो दुसऱ्या लीगमध्ये नोकरीची मूळ अट. त्यात मार्बरी ३४ चा, पाय पूर्वीइतके पळत नव्हते, त्यामुळे पास जास्त करायला लागला, चिनी पोरांना मोकळे शॉट मिळायला लागले, ती पोरं शॉट टाकायला घाबरेनाशी झाली. सुधारला म्हणा, नाहीतर जागा बरोबर मिळाली म्हणा.

आणि नेमकं त्याच वर्षी एनबीएत पुन्हा लॉकआउट. २०११ च्या उन्हाळ्यात एनबीए बंद, प्लेअर्सना पगार नाही, मग मोठी नावं परदेशात जायला लागली. युरोपच्या क्लबनी काय केलं, एनबीए सुरू झाली की जाऊ देऊ असं कलम कॉन्ट्रॅक्टमध्ये टाकलं. चीनने सांगितलं तसं चालणार नाही, यायचं तर पूर्ण सीझन. तरीही जे. आर. स्मिथ, केन्यन मार्टिन, विल्सन चँडलर, अ‍ॅरन ब्रुक्स असे लोक गेले, सगळ्यांना वाटलं लॉकआउट काही मिटत नाही. तो डिसेंबरमध्ये मिटला. मग बसले अडकून, कारण ते मघाचं ना-हरकत पत्र, चिनी टीमचा सीझन संपेपर्यंत ते मिळायचं नाही. मार्टिनने तर डिसेंबरमध्येच टीम सोडली तरी एनबीएत उतरायला त्याला फेब्रुवारी उजाडला. यातले बहुतेक जण कॅलेंडरकडे बघत खेळत होते, आणि त्याच लीगमध्ये एक माणूस असा होता ज्याला परत जायचंच नव्हतं, एवढा फरक प्रेक्षकांना टीव्हीवर सुद्धा दिसतो.

डक्सने सीझनची सुरुवातच सलग १३ मॅच जिंकून केली. फायनलला समोर ग्वांगडोंग, आधीच्या आठ वर्षांत सात वेळा चॅम्पियन, नॅशनल टीमचे प्लेअर्स भरलेले, आणि इम्पोर्ट म्हणून तोच अडकलेला अ‍ॅरन ब्रुक्स. टीमचं नेहमीचं स्टेडियम छोटं पडणार म्हणून बीजिंगमधल्या मॅच वूकसोंगच्या मोठ्या स्टेडियमला, जिथे २००८ च्या ऑलिम्पिकचं बास्केटबॉल झालं होतं. सिरीज ४-१ अशी डक्सने घेतली, शेवटच्या मॅचमध्ये मार्बरीचे ४१ पॉइंट्स आणि ३० मार्च २०१२ च्या रात्री हा माणूस कोर्टवर रडला. तेरा वर्षं एनबीएत काढून प्लेऑफची एकही सिरीज स्वतःच्या जोरावर न जिंकलेला माणूस, हे लक्षात घेतलं की ते रडणं कळतं.

आणि फायनलचा एमव्हीपी कोण? तो नाही! डक्सचाच तैवानचा गार्ड ली श्युएलिन, कारण एमव्हीपी देताना परदेशी प्लेअर धरायचेच नाहीत अशी तेव्हा पद्धत होती. पब्लिक इतकं भडकलं की विचारू नका, चिनी पब्लिक एका अमेरिकनसाठी चिनी लीगशी भांडत होतं. त्याच वर्षी वूकसोंगबाहेर त्याचा पुतळा उभा राहिला, म्हणजे ट्रॉफी द्यायला नियम आडवा आला तर लोक ब्राँझ ओतून मोकळे झाले. परदेशी प्लेअरसाठी वेगळा एमव्हीपी आला आणि २०१३ ला तो त्याला मिळाला. पुढे २०१४ ला डक्स परत चॅम्पियन, शिंजियांगला ४-२, आणि २०१५ ला तिसऱ्यांदा, लियाओनिंगला ४-२, आणि यावेळी ३८ वर्षांचा मार्बरी फायनलचा एमव्हीपीसुद्धा.

मधल्या काळात तो शहरात मुरला. मेट्रोने फिरायचा, लोक फोटो काढायचे, चायना डेलीमध्ये कॉलम यायचा, त्याच्या आयुष्यावर बीजिंगमध्ये नाटक झालं आणि त्यात त्याने स्वतःच काम केलं, बीजिंगने मानद नागरिक केलं, आणि २०१५-१६ च्या हिवाळ्यात चीनचं ग्रीन कार्ड मिळालं, जे फार थोड्या परदेशी लोकांना मिळतं. लाडाने लोक त्याला मा कमिसार म्हणायचे, मा म्हणजे मार्बरी आणि कमिसार म्हणजे सैन्यातला पक्षाचा माणूस जसा जवानांचं मनोबल सांभाळतो तसा टीममध्ये हा. कोनी आयलंडच्या पोराला चिनी लष्करातलं पद, आता बोला.

इथे एक बारीक पण महत्त्वाचा फरक सांगतो कारण लोक गोंधळ करतात. ग्रीन कार्ड म्हणजे राहायचा परवाना, पासपोर्ट नाही. मार्बरीने अमेरिकेचं नागरिकत्व सोडलं नाही, चीन दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे चिनी लीगमध्ये तो शेवटपर्यंत इम्पोर्टच राहिला, एक परदेशी जागा अडवणारा. याच्या उलट दुसरा रस्ता आहे, पासपोर्टच बदलायचा. फिबाच्या नियमात प्रत्येक देशाच्या टीमला असा एक नव्याने नागरिक झालेला प्लेअर चालतो. पिट्सबर्गचा जे. आर. होल्डन रशियाचा पासपोर्ट घेऊन खेळला आणि २००७ च्या युरोपियन चॅम्पियनशिपच्या फायनलला माद्रिदमध्ये, स्पेनच्या घरात, शेवटच्या सेकंदांत त्याच्या बास्केटवर रशिया एका पॉइंटने जिंकली. बो मॅककेलेब न्यू ऑर्लिन्सचा, त्याने २०११ ला छोट्याशा मॅसेडोनियाला युरोपात चौथं नेलं. एनबीएत हे दोघंही एक मिनिट खेळलेले नाहीत. बऱ्याच क्लबनाही असा प्लेअर आवडतो, कारण स्थानिक पासपोर्ट हातात आला की काही लीगमध्ये तो परदेशी म्हणून मोजत नाहीत आणि त्या जागेवर अजून एक अमेरिकन आणता येतो. म्हणजे पासपोर्टची पण मार्केटमध्ये किंमत असते, आणि चांगली असते.

बायकांच्या बास्केटबॉलमध्ये तर हे सगळं उलटंच. तिथे परदेशात जाणाऱ्या खेळाडू या राहिलेल्या-उरलेल्या नव्हत्या, सगळ्यात टॉपच्या जायच्या. डायना टोरासीला डब्ल्यूएनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या बायकांच्या लीगमध्ये, वर्षाला लाख डॉलरच्या आसपास आणि रशियातल्या येकातेरिनबर्गच्या क्लबकडून त्याच्या दसपट-पंधरापट, शेवटी त्या क्लबने २०१५ ला तिला अमेरिकेत न खेळता आराम करायचे पैसे दिले. ब्रिटनी ग्रायनर याच क्लबसाठी रशियात जात होती, फेब्रुवारी २०२२ ला मॉस्को एअरपोर्टवर पकडली गेली आणि डिसेंबरमध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत सुटली. तेव्हा बातम्यांमध्ये सगळे विचारत होते ती तिथे गेलीच कशाला. घरचा पगार बघितला असता तर विचारलं नसतं.

मार्बरीचा शेवट म्हणाल तर गोड-गोड नव्हता, तेही सांगायला हवं. २०१७ ला डक्सनी त्याला प्लेअर म्हणून ठेवायला नकार दिला, म्हणाले असिस्टंट कोच हो. पुतळा बाहेर उभा असताना सुद्धा टीम निवडायच्या मीटिंगमध्ये चाळिशीचा गार्ड हा चाळिशीचा गार्डच असतो. त्याला आणखी एक वर्ष खेळायचं होतं म्हणून तो शहरातल्याच दुसऱ्या टीमला, बेइकोंगला गेला, आणि ११ फेब्रुवारी २०१८ ला शेवटची मॅच खेळला, वीस पॉइंट्स टाकून, एक्केचाळिसावा वाढदिवस नऊ दिवसांवर असताना.

मार्च-एप्रिल २०२० मध्ये, न्यूयॉर्कमध्ये कोरोनाने हाहाकार होता आणि मास्क मिळत नव्हते, तेव्हा त्याने चीनमधल्या ओळखी वापरून एक कोटी एन-९५ मास्क नफा न घेता, एकाला २.७५ डॉलर या भावात न्यूयॉर्कला मिळवून द्यायची तयारी दाखवली, ब्रुकलिनच्या बरो प्रेसिडेंटशी बोलून. तोपर्यंत तो कोच झालेला होता, २०१९ पासून, त्याच बेइकोंग टीमचा, जिचं नाव तेव्हा रॉयल फायटर्स होतं. म्हणजे अमेरिकेतून कुठला पोरगा आणायचा, दोन परदेशी जागांपैकी एक गार्डला द्यायची की सेंटरला, आणि चार मॅच वाईट गेल्या तर त्याला ठेवायचा की परतीचं तिकीट काढायचं, या चर्चेत तेव्हा टेबलाच्या दुसऱ्या बाजूला मार्बरी बसायला लागला.